एसएमआर : एक रेडिओचा, एक नाकाचा

2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पानंतर मराठी वर्तमानपत्रांत ‘एसएमआर’ ही अक्षरं वरचेवर दिसू लागली. छोट्या आकाराच्या, सुटे भाग कारखान्यात तयार करून जागेवर जोडता येणाऱ्या अणुभट्ट्या, म्हणजे स्मॉल मॉड्युलर रिअॅक्टर, असा तिथला अर्थ. त्यांच्या संशोधनासाठी 20,000 कोटी रुपये आणि 2033 पर्यंत निदान पाच देशी भट्ट्या सुरू करण्याचं उद्दिष्ट अशी ती घोषणा होती. पण ‘एसएमआर’ हा शब्द मराठी घरांना त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. ‘काकांचं एसएमआर झालंय’ असं कोणी म्हणालं की काकांच्या नाकाच्या पडद्याची शस्त्रक्रिया झाली, एवढं घरातल्या सगळ्यांना कळतं. कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या दवाखान्यातून ही अक्षरं आपल्या बोलण्यात आली आणि रुळली. तिथे त्यांचा अर्थ सबम्यूकस रिसेक्शन.

तिकडे अमेरिकेत बिनतारी यंत्रणांच्या धंद्यातल्या माणसाला हीच अक्षरं सांगितली तर त्याला टॅक्सी, मालमोटारी, प्लंबर आणि काँक्रीटच्या गाड्या आठवतील. त्याचा एसएमआर म्हणजे स्पेशलाइज्ड मोबाइल रेडिओ. या दोन एसएमआरचं एकमेकांशी काही नातं नाही. आद्याक्षरं जुळली, इतकंच. तरी दोन्ही मुळापासून समजून घेण्यासारखे आहेत. शिवाय त्यातल्या एकाच्या बाबतीत नुसत्या तीन अक्षरांवर भागवणं रुग्णाला महाग पडू शकतं, आणि तेच सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे.

आधी रेडिओकडे वळू. चालत्या गाडीशी बिनतारी बोलण्याची गरज सगळ्यांत आधी पोलिसांना वाटली. 1928 मध्ये डेट्रॉईटच्या पोलिसांनी गाड्यांत रेडिओ बसवले, पण ते एकतर्फी होते. ठाण्यातून हुकूम ऐकू यायचा, उत्तर द्यायची सोय नव्हती. न्यू जर्सीतल्या बेयॉन शहरात 1933 मध्ये दोन्ही बाजूंनी बोलता येऊ लागलं. महायुद्ध संपल्यावर 1946 मध्ये सेंट लुईस शहरात गाडीतून साध्या टेलिफोनशी जोडून देणारी सेवा सुरू झाली. मागणी प्रचंड आणि वाटायला लहरी मोजक्याच, त्यामुळे त्या सेवेसाठी पुढे वर्षानुवर्षं लोक यादीत ताटकळत राहिले.

ही टंचाई का होती, ते पाहण्यासारखं आहे. त्या काळच्या पद्धतीत एका टॅक्सी कंपनीला एक चॅनल मिळायचा, बर्फाच्या वखारीला दुसरा, दुरुस्तीवाल्यांना तिसरा. टॅक्सीवाल्यांचा चॅनल सकाळी गजबजलेला असे, त्याच वेळी वखारीचा चॅनल गप्प असे. तरी टॅक्सीवाल्याला तो वापरता येत नसे, कारण त्याच्या रेडिओत तो बसवलेलाच नसे. म्हणजे लहरी कमी पडत होत्या आणि वायाही जात होत्या.

यावरचा उपाय म्हणजे ट्रंकिंग. बँकेत पाच खिडक्या आहेत आणि प्रत्येकीसमोर वेगळी रांग आहे असं समजा. एखाद्या खिडकीवर कोणाचं काम लांबलं की त्याच्यामागचे सगळे अडकतात, शेजारची खिडकी मोकळी असली तरी. त्याऐवजी सगळ्यांची एकच रांग लावली आणि जी खिडकी मोकळी होईल तिथे पुढचा माणूस गेला, तर त्याच पाच खिडक्यांत काम भराभर उरकतं. ट्रंकिंगमध्ये चॅनल्सच्या बाबतीत हेच केलं जातं.

यातून किती फायदा होतो हे गणिताने सांगता येतं, आणि ते गणित रेडिओच्या आधीचं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती आग्नर क्रारुप एरलांग यांनी 1909 ते 1917 या काळात टेलिफोनच्या वर्दळीचा सिद्धान्त मांडला. एक वाहिनी तासभर सलग व्यापलेली राहिली तर त्या वर्दळीला आज एक एरलांग म्हणतात. शंभरातले दोनच कॉल अडावेत अशी अट घातली तर एकटा चॅनल जेमतेम 0.02 एरलांग वर्दळ पेलतो. तसे पाच चॅनल पाच वेगवेगळ्या मालकांना दिले तर सगळे मिळून 0.1. तेच पाच एकत्र करून सर्वांना खुले केले तर 1.66 एरलांग. वीस एकत्र केले तर 13 च्या वर. एकही नवी लहर न मिळवता, फक्त वाटणीची पद्धत बदलून ही वाढ होते. मला या सगळ्या कथेत हा आकडा सर्वांत विलक्षण वाटतो.

प्रत्यक्षात हे कसं चालतं? रिकामे बसलेले सगळे रेडिओ एका खास चॅनलवर कान देऊन असतात. त्याला कंट्रोल चॅनल म्हणतात. चालकाने बटण दाबलं की त्याच्या रेडिओतून एक छोटासा संदेश जातो, ‘अमुक गटातल्या अमुकाला बोलायचं आहे’. मध्यवर्ती संगणक मोकळा चॅनल शोधतो आणि त्या गटातल्या सगळ्या रेडिओंना तिकडे वळायला सांगतो. सेकंदाच्या छोट्याशा अंशात हे होतं. बोलणं संपलं, बटण सुटलं, की चॅनल पुन्हा सर्वांच्या साठ्यात जमा. सगळे चॅनल व्यापलेले असतील तर विनंती रांगेत थांबते आणि आणीबाणीची असेल तर पुढे काढली जाते. एका गटाचं बोलणं दुसऱ्या गटाला ऐकू जात नाही. ‘पोहोचलो’, ‘माल उतरवला’, ‘पुढचं गिऱ्हाईक कुठे?’ अशी काही सेकंदांची ही बोलणी असतात, म्हणून हिशेब आणखी चांगला जमतो.

अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे एफसीसीने, टेलिव्हिजनच्या वरच्या टोकाच्या चॅनल्सकडून 800 मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा पट्टा काढून घेतला आणि 1974 मध्ये त्याची वाटणी ठरवली. मोठा तुकडा सेल्युलर टेलिफोनसाठी, म्हणजे आजच्या मोबाइलच्या पूर्वजासाठी गेला. दुसरा तुकडा खासगी रेडिओसाठी राखला. त्यातच स्पेशलाइज्ड मोबाइल रेडिओची सोय होती: एखाद्या उद्योजकाने टॉवर उभारायचा, ट्रंकिंगची यंत्रणा बसवायची आणि शहरातल्या लहानमोठ्या धंद्यांना भाड्याने रेडिओसेवा द्यायची. गाड्या 806 ते 821 मेगाहर्ट्‌झवर बोलणार आणि टॉवर 851 ते 866 वर. ज्याच्याकडे चारच गाड्या आहेत अशा माणसालाही यामुळे स्वतःचा टॉवर न बांधता रेडिओ मिळू लागला.

यावर खटला झाला. राज्यांच्या नियामक मंडळांच्या संघटनेचं म्हणणं असं, की हे लोक पैसे घेऊन लोकांना सेवा देतात, मग टेलिफोन कंपन्यांचे नियम त्यांना का नकोत? वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने 1976 मध्ये निकाल दिला, की जो येईल त्या सगळ्यांना सारखी सेवा देण्याचं बंधन ज्याच्यावर आहे किंवा जो तसं वागतो तो सार्वजनिक वाहक. एसएमआरवाले आपली गिऱ्हाइकं निवडून घेतात, म्हणून ते तसे नाहीत. गंमत अशी, की टॅक्सीच्या रेडिओवरून झालेली ही व्याख्या पुढे इंटरनेट कंपन्यांनी सर्व वेबसाइटना सारखं वागवावं की नाही या वादातही उद्धृत झाली. खुद्द एसएमआरवाल्यांना मात्र अमेरिकी काँग्रेसने 1993 मध्ये कायदा बदलून, सार्वजनिक टेलिफोनशी जोडलेले असतील तर, मोबाइल कंपन्यांच्याच रांगेत आणून बसवलं.

तोवर या धंद्याचं रूप पालटलं होतं. मॉर्गन ओब्रायन हे वकील पूर्वी एफसीसीत काम करत होते. त्यांनी आणि ब्रायन मॅकॉली यांनी 1987 मध्ये फ्लीट कॉल नावाची कंपनी काढली आणि मोठ्या शहरांतले विखुरलेले एसएमआर परवाने विकत घ्यायला सुरुवात केली. सेल्युलरचे परवाने महाग आणि केव्हाच वाटले गेलेले होते. टॅक्सीवाल्यांच्या चॅनल्सकडे कोणाचं लक्ष नव्हतं. 1991 मध्ये एफसीसीने त्यांना याच लहरींवर डिजिटल, पेशींत विभागलेलं जाळं उभारायला परवानगी दिली. मोटोरोलाने त्यासाठी जे तंत्र बनवलं ते पुढे आयडेन नावाने ओळखलं गेलं. त्यात 25 किलोहर्ट्‌झच्या एकाच चॅनलवर वेळेचे तुकडे पाडून सहाजणांचं बोलणं बसवता येत असे. 1993 मध्ये कंपनीचं नाव नेक्स्टेल झालं. फोनही आणि वॉकीटॉकीही एकाच यंत्रात देणाऱ्या या कंपनीचे ग्राहक 2004 च्या अखेरीस दीड कोटीच्या वर गेले. बटण दाबताच होणारा तिचा ‘चिर्रप्’ आवाज अमेरिकेतल्या बांधकामांवर दिवसभर घुमत असे.

मात्र ही भरभराट शेजाऱ्यांना भोवली. पोलीस आणि अग्निशमन दलाचे चॅनल याच पट्ट्यात, नेक्स्टेलच्या चॅनल्समध्ये एकाआड एक गुंफलेले होते. नेक्स्टेलचे टॉवर शहरभर, कमी उंचीवर आणि दाट. त्यांच्या जवळून जाताना पोलिसांचे रेडिओ मुके पडू लागले. 2004 मध्ये एफसीसीने संपूर्ण पट्ट्याची फेरमांडणी करण्याचा आदेश दिला. तीन वर्षांत उरकायचं ठरलेलं हे काम दशकाहून जास्त लांबलं. दरम्यान 2005 मध्ये नेक्स्टेल स्प्रिंटमध्ये विलीन झाली आणि 30 जून 2013 रोजी आयडेनचं जाळं बंद करण्यात आलं.

भारतातही ट्रंकिंगची सेवा परवान्यावर चालते. तिचं सरकारी नाव मात्र पब्लिक मोबाइल रेडिओ ट्रंकिंग सर्व्हिस, म्हणजे पीएमआरटीएस. त्यामुळे इथे एसएमआर म्हटल्यावर कोणाला रेडिओ आठवला नाही आणि तो शब्द नाकासाठी मोकळा राहिला.

आता नाकाकडे. दोन नाकपुड्यांमधली भिंत, म्हणजे सेप्टम, ही एकसंध नसते. पुढचा भाग चौकोनी कूर्चेचा, मागे वर एका हाडाचा पातळ पत्रा, मागे खाली व्होमर नावाचं नांगराच्या फाळाच्या आकाराचं हाड, आणि तळाशी वरच्या जबड्याच्या हाडाचा कंगोरा. या सगळ्यावर दोन्ही बाजूंनी ओलसर श्लेष्मल त्वचेचं आवरण. ही भिंत तंतोतंत सरळ असलेली माणसं थोडीच. जन्माच्या वेळचा दाब, लहानपणी नाकावर पडणं, वाढीच्या वयात कूर्चा आणि हाड यांचा वेग न जुळणं, यांपैकी कशानेही ती वाकते. ‘नाकाचं हाड वाढलंय’ असं लोक म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा हाड वाढलेलं नसतं. पडदा एका बाजूला झुकलेला असतो किंवा बाजूच्या भिंतीवरचे उंचवटे, म्हणजे टर्बिनेट, सुजलेले असतात.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. आळीपाळीने एकेक नाकपुडी बंद होणं हा आजार नव्हे. रिचर्ड कायझर या जर्मन वैद्याने 1895 मध्येच नोंदवलं होतं, की निरोगी नाकातसुद्धा काही तासांच्या अंतराने एका बाजूचे टर्बिनेट रक्ताने फुगतात आणि दुसऱ्या बाजूचे ओसरतात. एकच बाजू कायम, वर्षानुवर्षं बंद राहात असेल तर पडद्याकडे बोट जातं. आणि पडदा वाकडा दिसला म्हणून लगेच शस्त्रक्रिया असंही नाही. त्रास नसेल तर वाकडा पडदा तसाच राहू द्यावा.

एकोणिसाव्या शतकातले उपाय आज वाचवत नाहीत. पडद्याचा उंचवटा आवरणासकट करवतीने कापायचा, किंवा चिमट्याने पडदा मोडून सरळ रेटायचा. नाकात भोक आणि खपल्या मागे राहायच्या. शस्त्रक्रिया सुधारायला दोन गोष्टी लागल्या. पहिली, बधिरता. 1884 मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करता येतो हे दाखवलं आणि लवकरच नाकाचे शल्यविशारदही ते वापरू लागले. कोकेनने रक्तवाहिन्याही आकसतात, त्यामुळे आतलं नीट दिसू लागलं. दुसरी गोष्ट शरीररचनेतली. कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला चिकटलेल्या पातळ वेष्टनातून तिचं पोषण होतं. या वेष्टनाच्या बरोबर खाली शिरलं तर जवळजवळ रक्त न सांडता आवरण कूर्चेपासून अलगद सुटतं.

या समजुतीवर शिकागोचे ओटो फ्रीअर आणि जर्मनीतले गुस्टाव किलियान यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला स्वतंत्रपणे आपापली पद्धत घडवली. फ्रीअर यांचा लेख 1902 चा, किलियान यांचा 1904 चा. किलियान यांचं नाव दुसऱ्याही कारणासाठी घेतलं जातं: 1897 मध्ये एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत अडकलेला हाडाचा तुकडा त्यांनी दुर्बिणीने बाहेर काढला आणि ब्रॉन्कोस्कोपीची सुरुवात झाली. दोघांची नावं आजही शस्त्रक्रियागृहात रोज उच्चारली जातात. पडद्यावरची चीर किलियानची, आणि आवरण उचलायची चपटी सळई फ्रीअरची.

नावाप्रमाणेच काम. सबम्यूकस म्हणजे आवरणाखालून, रिसेक्शन म्हणजे कापून काढणं. पडद्याच्या पुढच्या कडेपासून थोडं मागे, एकाच बाजूला चीर देतात. त्या बाजूचं आवरण उचलतात. मग कूर्चेतून पलीकडे जाऊन, पलीकडच्या आवरणाला धक्का न लावता, तेही सोडवतात. इथे शल्यविशारदाचा हात खरा कळतो. समोरासमोर दोन्ही आवरणं फाटली तर पुढे तिथे कायमचं भोक पडतं आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो. आता दोन आवरणांमध्ये वाकडी कूर्चा आणि हाड मोकळं उरतं. ते काढून टाकतात आणि दोन्ही आवरणं एकमेकांवर टेकवतात. नाकाच्या वरच्या धारेलगत आणि पुढच्या टोकाशी मात्र साधारण एक सेंटिमीटर रुंदीची कूर्चेची पट्टी, इंग्रजी एल अक्षराच्या आकारात, ठेवावीच लागते. नाकाचा बाहेरचा आकार तिच्यावर उभा असतो. ती जास्त कापली गेली तर नाकाचा मधला भाग खोगिरासारखा खचतो.

किलियान यांच्या शस्त्रक्रियेने हजारो लोकांना मोकळा श्वास दिला, पण तिचे तोटेही वर्षं जातील तसे दिसले. मधला आधार गेल्यामुळे काहींचा पडदा श्वासाबरोबर फडफडतो. लहान मुलांत ही शस्त्रक्रिया केली तर चेहऱ्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ती सतरा-अठरा वर्षांपर्यंत टाळतात. आणि पडद्याचं अगदी पुढचं टोक वाकडं असेल तर या पद्धतीने ते सुधारताच येत नाही, कारण तिथली पट्टी काढायची नसते. मायरन मेटझेनबाम यांनी 1929 मध्ये या पुढच्या भागासाठी वेगळा मार्ग सुचवला. पुढे शिकागोचेच मॉरिस कॉटल यांनी 1940 ते 1960 या काळात सगळ्या विचाराची दिशाच बदलली. कूर्चा काढून टाकण्याऐवजी ती सोडवायची, ताण घालवायचा, सरळ करून जागेवर बसवायची, अगदी नाइलाज असेल तेवढाच तुकडा काढायचा. हीच सेप्टोप्लास्टी. आज जगभर पडद्याच्या बहुतेक शस्त्रक्रिया याच विचाराने होतात, बऱ्याच ठिकाणी दुर्बिणीतून.

तिचा उपयोग खरंच होतो का, याची कसून तपासणीही अलीकडे झाली. 2019 मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या 203 प्रौढांच्या चाचणीत आणि 2023 मध्ये बीएमजेत आलेल्या ब्रिटनमधल्या 378 प्रौढांच्या चाचणीत, पडदा वाकडा असून नाक बंद राहण्याचा त्रास असलेल्यांना शस्त्रक्रियेने बिगर-शस्त्रक्रिया उपचारांपेक्षा जास्त आराम मिळाला. ब्रिटनच्या चाचणीत तुलना होती ती सहा महिने स्टिरॉइडचा आणि मिठाच्या पाण्याचा फवारा वापरणाऱ्यांशी.

म्हणजे कापून काढणारी एसएमआर आणि सरळ करून ठेवणारी सेप्टोप्लास्टी या दोन वेगळ्या शस्त्रक्रिया आहेत. आपल्याकडे मात्र बोलताना दोन्हींना सर्रास एसएमआरच म्हटलं जातं. रेडिओच्या बाबतीत तंत्र पुढे गेलं आणि नाव मागे राहिलं तरी कोणाचं बिघडत नाही. नाकाच्या बाबतीत बिघडतं. पुढे त्याच माणसाला पुन्हा श्वासाचा त्रास झाला, नाकाला मार लागला किंवा नाकाचा आकार दुरुस्त करायची वेळ आली, तर शल्यविशारदाला पहिला प्रश्न पडतो: आत कूर्चा किती शिल्लक आहे? नाकाच्या दुरुस्तीला लागणारा तुकडा सहसा याच पडद्यातून घेतात. तिथे नसेल तर कानातून किंवा बरगडीतून घ्यावा लागतो, म्हणजे आणखी एक जखम. शिवाय आधी सोडवलेली आवरणं मधे कूर्चा नसताना एकमेकांना चिकटतात, आणि ती पुन्हा वेगळी करताना फाटण्याची भीती मोठी असते. ‘वीस वर्षांपूर्वी एसएमआर झालं होतं’ एवढ्या उत्तरातून यातलं काहीच कळत नाही.

म्हणून नाकाच्या पडद्याची शस्त्रक्रिया ठरली असेल तर आधी डॉक्टरांना सरळ विचारा: काढणार आहात की सरळ करून ठेवणार आहात? नंतर डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेचं पूर्ण नाव लिहून घ्या आणि ऑपरेशन नोटची प्रत मागा. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दाखल रुग्णाचे कागद डॉक्टरांनी तीन वर्षं जपायचे असतात आणि रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत द्यायचे असतात. तीन वर्षांनंतर ते दवाखान्यात सापडतील याची खात्री नाही. तुमच्या घरच्या फाइलमध्ये असले तर नक्की सापडतील.